न झोडलेल्या भाताचे पॅनल

समस्त वाचकांनी कृपया सावरून बसावे. पुढील सूचना अत्यंत गंभीर असून ती सार्वजनिक हितासाठी, डावा हात गळ्यात बांधलेल्या अवस्थेत, उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करून प्रसृत करण्यात येत आहे : घरच्या घरी रेकॉर्डिंग स्टुडिओ उभारताना आवाज शोषणाऱ्या पॅनलमध्ये न झोडलेले भात भरू नये.

हसा. मीही हसलो असतो. या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर जेवताना तोंडी लावायला वाचत आलो. मला कधी कुणी पांढऱ्या साडीत भेटलं नाही, की कुणी मागून हाकसुद्धा मारली नाही. मी मुंबईत जाहिरातींना आवाज देतो. साबण, सिमेंट, सांधेदुखीचं तेल... खोटं किती छान वाटू शकतं हे मला नेमकं माहीत आहे. म्हणून सांगतो, खालचा शब्दन् शब्द खरा आहे.

आमचं गाव उरणजवळ. पुढच्या रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर धडधडत जातात, मागे खाडीकाठचं खाजण, आणि मधे माझा चुलतभाऊ दिनेश याचं घर. त्याचेही दोन ट्रेलर आहेत. दिनेशची आई, म्हणजे माझी काकी, धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो गाणारी ती धवलारीण. काकीचे धवले कुठे लिहिलेले नाहीत. सगळे तिच्या गळ्यात. आणि त्याच गळ्यात दिवाळीनंतर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

"नातींच्या लग्नात माजाच धवला वाजला पायजे," काकी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी मुकी झाले तरी."

दिनेश म्हणाला, "दादा, मोबाईलवर घेव की. बटन दाबलं, झालं."

"दिनेश," मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "माझ्यासमोर मोबाईल हा शब्द पुन्हा काढू नकोस."

घराच्या मागे त्याची टायर ठेवायची खोली होती. रस्त्यापासून लांब, भिंती जाड. पूर्वी आमचं खळं होतं, म्हणजे सारवलेली भात झोडायची जागा, बरोबर तिथेच ती बांधलेली. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

टायर बाहेर काढून मी मधोमध टाळी वाजवली. पत्र्यावर खडे पडावेत तशी ती उघड्या भिंतींत तडतडत राहिली. शिवाय खोली चौरस! रेकॉर्डिंगला याहून वाईट आकार नाही, जाड आवाज कोपऱ्यांत साचून घुमतात. मी खडूनं फरशीवरच नकाशा काढला. काकीचं स्टूल इथे, समोर माइक, तिच्या पाठीमागे दोन मोठे पॅनल, एकेका कोपऱ्यात उभे जाड पॅनल, डोक्यावर छताला एक. लाकडी चौकटी तयार झाल्या, वर गोणपाट आलं... आणि आत भरायचं रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर, वाटेत कुठल्याशा गोदामात अडकलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच काकीला ऑपरेशनसाठी दाखल करायचं होतं.

"पेंढा भरू?" दिनेश म्हणाला.

"पेंढा हलका रे. वजन हवं."

"मग दान्यासकट भर. पडवीत भारे पडलेत. झोडायला सवड कुनाला हाय?"

मी त्याला मिठी मारली. वजन! घनता! काकी दारातून बघत होती. "अरे, न झोडलेलं भात कुनी भिंतीला टांगतं काय?"

"काकी, हे विज्ञान आहे," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातलं सर्वांत महाग वाक्य.

भर दुपारी आम्ही शेवटचं पॅनल टांगलं. मी मधोमध उभा राहिलो, टाळी वाजवली... आणि काही नाही. टाळी गिळून टाकली खोलीनं. इतकी सुंदर शांतता मी मुंबईच्या स्टुडिओतही ऐकलेली नाही. मी आनंदानं डोळे मिटले.

धप्प!

डोळे उघडले तर मागचं एक पॅनल जमिनीवर. हूक निसटला असेल, म्हणून मी वाकलो, तोच दुसरं माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवरून सुटलं. पडलं नाही — वर गेलं. छतापर्यंत गेलं, क्षणभर थांबलं आणि पूर्ण ताकदीनं फरशीवर आदळलं. लाकडाची ढलपी उडून दिनेशच्या कपाळात घुसली. रक्त डोळ्यांत उतरलं तसा तो ओरडला, "भूकंप! दादा, भूकंप!"

भूकंपाला चाल नसते हो. याला होती. उचल, आपट, झटक, फिरव, पुन्हा आपट. लहानपणी आजोबांना भात झोडताना मी पाहिलंय. हुबेहूब तीच चाल. गोणपाट फाटलं, दाणे छऱ्यांसारखे तोंडावर बसले.

आता शहाणा माणूस पळाला असता. पण मी कलावंत! काकीच्या धवल्यासाठी एक तरी पॅनल वाचवायचं म्हणून कोपऱ्यातल्या पॅनलला मिठी मारली. तर भाऊसाहेब, मलाही त्याच्यासकट उचललं. विमानातून खाडी दिसावी तसं मला दिनेशचं टक्कल दिसलं, आणि मग फरशी आली. खांद्यात सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. पुन्हा वर. पुन्हा फरशी. ओठ फाटला, पुढचा दात गेला. आवाजावर पोट असणाऱ्याचा दात! तिसऱ्यांदा झटकलं तेव्हा मिठी सुटली आणि मी भिंतीशी जाऊन पडलो. एकेक करून कोपरे संपले. लाकडाचा चुरा, लोळागोळा झालेला पेंढा, आणि खोलीच्या मधोमध दाण्यांची व्यवस्थित रास.

उरलं फक्त छताचं पॅनल. आम्ही दोघं त्याच्या बरोबर खाली.

तेवढ्यात काकी आत आली. तिनं आम्हाला पाहिलं, रास पाहिली, आणि रास न ओलांडता वळसा घालून स्टुलावर बसली. "लाव तुजं यंत्र."

"आई, बाहेर हो!" दिनेश किंचाळला. "रगत बघ!"

"सकाली गला कापनार हायेत माजा. मना रगत दाखवतस?"

मी उजव्या हातानं रेकॉर्डिंग चालू केलं. काकीनं पहिली ओळ धरली आणि वर हूक कडकन तुटला. पॅनल दिनेशच्या कानाजवळून फरशीवर आदळलं, पुन्हा वर उठलं...

काकी थांबली. मान वर करून, तिला उरलेल्या सगळ्या आवाजानं ओरडली, "थांब रे मेल्या! आधी गानं, मंग झोडनी!"

आणि ते थांबलं. हवेत. तिरपं, उगारलेलं, आमच्या डोक्यावर. गोणपाटातून एकेक दाणा टपटपत होता.

काकी गायली. मांडवाचा, तेलाचा, हळदीचा, सगळे धवले. ज्या गळ्यातून सकाळी पाणी उतरत नव्हतं, त्यातून लग्नघर उभं राहिलं. नवरीच्या पाठवणीला दिनेश हमसून रडायला लागला, पॅनलवरची नजर न काढता. मीही. इतक्या वेळात ते पॅनल केसभरही हललं नाही.

ऑपरेशन नीट झालं. काकी आता खुणांनी बोलते आणि खुणांनी शिव्याही देते. दिनेश अजून भूकंप म्हणतो, पण त्या दिवशी शेजारच्या घरात भांडंही हललं नव्हतं. मी तारा तपासल्या, हूक तपासले, ट्रेलरच्या हादऱ्यांचं गणित मांडून पाहिलं. काहीही जुळत नाही. मला आजही ठाऊक नाही ते काय होतं. रेकॉर्डिंग मात्र आहे. सुरुवातीला धप्प आहे, शेवटी धप्प, धप्प आणि माझ्या किंकाळ्या आहेत, आणि मधे काकीचा आवाज, नितळ, स्वच्छ, त्या टपटपणाऱ्या एका दाण्याचाही आवाज नसलेला.

नातींच्या लग्नात वाजवायला आम्ही शेवट कापून घेणार होतो. काकीनं खुणेनं बजावलं, कापायचा नाही. कारण शेवटच्या धवल्यानंतर, किंकाळ्यांच्या आधी, तिच्या स्वतःच्या आवाजातलं तिचं शेवटचं वाक्य आहे. स्टुलावरून उठत, वर बघत, ती म्हणाली होती :

"हां, झालं माजं गानं. आता झोड! फक्त आमच्या दिनेशला जरा हलू हातानं... सकाली त्याला मना हास्पिटलात न्यायचं हाय!"