सातूच्या रोगट ओळी

बाहत्तरच्या दुष्काळाआधीचं वर्ष. नगरजवळच्या एका संशोधन केंद्रात मी शेतमदतनीस होतो. आमच्या भागात सातू, म्हणजे जव, कोण पेरतं? पण केंद्राच्या साहेबांना तांबेऱ्याच्या रोगाला दाद न देणारा सातू हवा होता, आणि तीन वर्षं संकर करकरून माझ्या वाफ्यात वीस वाण उभे होते. त्यातला खरा खमक्या कोण, हे कळायला रोग मुद्दाम आणावा लागतो. म्हणून वाफ्याच्या चारी बाजूंना हमखास रोग घेणाऱ्या सातूच्या ओळी पेरल्या होत्या. तांबेरा तिथून उडून आत जायचा होता.

त्या ओळी तांबूस झाल्या आणि नेमके सोनईहून माझे वडील, आबा, आले. त्यांना बांधावर बसवून मी चहा सांगायला गेलो आणि तिकडंच तासभर अडकलो. बाजरीत गोसावी रोग झालेलं ताट दिसलं की उपटायचं, हा त्यांच्या हाताला जन्माचा गुण. परत येतो तर चारी ओळी साफ, आणि आबा उपटलेल्या ढिगाला काडी लावायच्या बेतात.

"लई रोग पडला हुता रं. तुझं ध्यान न्हाई," ते म्हणाले.

म्हटलं, झालं कल्याण. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. "आबा, माझ्या तीन वर्षांची माती केली तुमी," मजुरांदेखत मी बोलून गेलो. बापाशी असं कधी बोललो नव्हतो.

रोगच नसला तर वीसच्या वीस वाण निरोगी दिसणार. साहेबांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी विहिरीला पाणी राहील, हे कुणी सांगावं? मी हटून बसलो. ढीग सुकायच्या आत पानांवरची तांबडी भुकटी बोटांनी खरवडली, पाण्यात कालवली, उन्हं उतरल्यावर एकेका वाणावर पंपानं मारली आणि बुरशी ओलीत रुजते म्हणून वर काठ्यांवर ओली पोती ताणली. आबा गावी गेले नाहीत. पोती भिजवत राहिले.

बाराव्या दिवशी एकोणीस वाणांवर तांबेरा फुटला. विसाव्यावर नुसते बारीक पांढुरके ठिपके. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

"ह्याला बी लागला की," आबा पडेल आवाजात म्हणाले.

"न्हाई आबा. बुरशी शिरली तेवढाच आपला कण पानानं आपणहून मारून टाकला. तिला खायाला काही ठेवलंच न्हाई. हा गुण त्याच्या बियाण्यात बी उतरंल."

त्यांनी पान बोटांत धरून बराच वेळ पाहिलं. "म्हंजी आग आली की आपुन फुडचं गवात कापून टाकतो, तसं."

"व्हय."

"कळतंय की मला," ते म्हणाले. "चार वरसं झाली तुला हितं. येकदा तरी सांगायचं हुतंस."

चार वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. आबांना काय कळणार, असंच मी धरून चाललो होतो.