ह्यांच्या नावावरचा अपघात

माझे यजमान मुखेडहून लातूरच्या दवाखान्यांत पेशंट न्यायचे. गाडी स्वतःची, आणि तिला कधी साधा ओरखडा नाही. विम्याचा एजंट दरवर्षी म्हणायचा, "क्लेम न्हाई, म्हणून बोनस वाढला, हप्ता कमी बसला." हे शाळेत पहिला नंबर आल्यासारखे घरी येत. मी चिडवायचे, "बिल्ला लावा छातीवर."

मग धाकट्या दिराने ह्यांची गाडी लोह्याजवळ एका मोटरसायकलीवर घातली. त्या माणसाचा पाय मोडला. दिराकडे लायसन नव्हतं. घरी बैठक बसली. आमच्याकडे भाऊकी आधी, कायदा मागून. सासरे ह्यांना म्हणाले, "लायसन न्हाई म्हणल्यावर विमा हात वर करंल. अन् ह्याचं लगीन जमलंय. मीच चालवत होतो म्हणून सांग. तुझं काय जातंय?"

"सगळं जातंय!" मी आतल्या खोलीतून ओरडले. कुणी मानसुद्धा वळवली नाही. हे फक्त हो म्हणाले.

केस ह्यांच्यावर झाली. बोनस गेला, हप्ता चढला आणि कोर्टाच्या तारखांपायी धंदा बसला. हप्त्याला पैसे उरेनात, आणि विम्याविना पेशंट बसवायचे नाहीत, हा ह्यांचा हट्ट. शेवटी गाडी विकली. ती दारातून गेली त्या दिवशी मी रेणुकामाईला शिव्या घातल्या. खरंच घातल्या, तिच्या फोटोसमोर उभं राहून. दुसरं कुणाला बोलणार होते?

लातूरच्या एका शाळेला व्हॅनसाठी ड्रायव्हर हवा होता. ह्यांचा गाडीवरचा हात बघून शाळेवाले खूश झाले. मग त्यांनी कागद बघितले. "तुमच्या नावावर अपघात आहे. असा ड्रायव्हर ठेवला तर आमचा विमा महागतो." खरं काय ते सांगायची सोय नव्हती. हे घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. ह्या माणसाचं आता कसं होणार, ह्या भीतीने जेवायला उठा म्हणायचं धाडससुद्धा झालं नाही.

लग्नानंतर दिराने लायसन काढलं. काही दिवसांनी पेढे घेऊन आला. "वैनी, तोंड गोड करा. लातूरला शाळेच्या व्हॅनवर लागलो." शाळा तीच. त्याचं रेकॉर्ड कोरं होतं ना.

माझ्या जिभेवर काय काय आलं! तेवढ्यात तो ह्यांच्याकडे वळला. "दादा, एवढी मोठी गाडी म्या कधी चालवली न्हाई. दोन-चार दिवस संगट येता का शिकवायला?"

आता तरी हे फुटतील, म्हणून मी वाट बघत उभी राहिले. फुटा एकदाचे, मनात म्हणत होते.

ह्यांनी पेढा खाली ठेवला. "गाडी मागं घेताना मागं पोरं हायेत का, ते कोण बघतंय?"

"कोण न्हाई."

हे उठले आणि खुंटीवरचा शर्ट अंगात घालू लागले.