मॅडमचं खोकं आणि सुधाकररावांची मिशी

सायकलच्या दुकानात खिळ्याला जुन्या ट्यूबा साठत जातात. टाकवत नाहीत, आणि कोणती कुणाची तेही आठवत नाही. किश्शांचं तसंच आहे. पनवेलला स्टँडच्या मागे माझं दुकान. शाळेत मी गेलो नाही, दुकानांच्या पाट्या बघत अक्षरं शिकलो. जन्मभर मोडक्या सायकली जोडल्या. आता म्हातारपणी खारघरची मंडळी चांगल्या चालत्या सायकली आणतात आणि म्हणतात, "काका, खोला आणि पॅक करा!"

हे मला अजून नीट उमगलेलं नाही. त्यातून सगळ्यात मोठा घोळ साधना मॅडमच्या खोक्याचा आणि त्यांच्या मिस्टरांच्या मिशीचा. तिथवर येतो, हळूहळू.

*

पहिले आले इनामदार. कंपनीत मोठे साहेब.

"काका, ही खोला."

"बिघडली काय?"

"नाही हो. विमानाने मनालीला जातोय."

"आनि ही?"

"हीपण विमानानेच!"

"तिथं जाऊन?"

"चालवणार."

मी म्हटलं, "हितला रस्ता काय वाईट हाय?" त्यावर ते नुसते हसले. मग म्हणाले, विमानात चाकात हवा चालत नाही, सोडून द्या. सोडली. दोन दिवसांनी फोन. "काका, सायकल पोचली!"

"मग बरं झालं."

"पण पंप तुमच्या बाकावर राहिलाय!"

*

पुढच्या वेळी इनामदार रेल्वेने गोव्याला निघाले. सायकल मागच्या डब्यात, आपण पुढच्या. मधल्या कुठल्याशा स्टेशनात गरम वडे दिसले म्हणून उतरले, आणि गाडी सुटली. तिथूनच मला फोन.

"काका, सायकल एकटीच गोव्याला चाललीय हो!"

मी विचारलं, "मग आता ट्रिप नक्की कोनाची?"

फोन कट झाला.

*

एकदा सराव म्हणून ही मंडळी जवळच्या आपटा गावी गेली. मलाही गाडीत घेतलं. मागे तीन सायकली बांधलेल्या. नदीजवळ करवंदं विकणारी एक आजी बसली होती. तिने सायकली पाहिल्या, गाडी पाहिली आणि म्हणाली, "शाने हाव रं तुमी! गाडी बंद पडली तर घरी जायला सायकली आनल्यात!"

मग करवंदं सगळ्यांनी घेतली.

*

आता साधना मॅडम. शाळेतून रिटायर झालेल्या, शांत बाई. म्हणाल्या, "काका, ट्रेनने कन्याकुमारीला जाणार आणि तिथून सायकल चालवत घरी येणार."

मी पुष्कळ विचार केला. "मॅडम, पन तुमी घरीच तर हाव ना?"

सुधाकरराव, म्हणजे त्यांचे मिस्टर, खो खो हसले. त्यांची मिशी मोठी झुपकेदार. रोज तेल लावतात. मिशीवर हात ठेवून म्हणाले, "काका, तुमच्यासमोर सांगतो. ही खोकं उघडणारसुद्धा नाही. सायकल चालवत पनवेलपर्यंत आली, तर ही मिशी उतरवीन!"

मॅडमनी सायकल खोलायला माझ्यापुढे केली.

खोकं मात्र सुधाकररावांनी स्वतः बांधलं. मोठ्या सायकल शोरूमचं, वर सायकलचं चित्र. सुतळीच्या गाठी इतक्या मारल्या की मला हसू आलं.

*

मॅडम कन्याकुमारीला गेल्या. सुधाकरराव अधूनमधून दुकानात येऊन बसायचे. "गुडघा दुखतोय म्हणे तिचा. मंगळूरला बहिणीकडे आहे. खोकं कोपऱ्यात पडलंय!" आणि मिशीला पीळ.

पण उठताना हळूच विचारायचे, "काका, कोकणात चढ फार आहेत का हो?"

बहिणीच्या घरात कसले चढ? मला कळेना.

*

मग एका दुपारी दुकानासमोर ब्रेक वाजला. साधना मॅडम! चेहरा तव्यासारखा रापलेला, चाकांना लाल माती, आणि डोळ्यांत असं काही की मी स्टूल पुढे करायचंच विसरलो.

"चालवत आलात?"

"सगळा रस्ता."

मी म्हटलं, "मग आता मिशी गेली!"

त्या चहा प्यायल्या. मग म्हणाल्या, "काका, माती पुसा आणि पॅक करा. हे न्यायला येतायत."

"पॅक? आता? खारघर तर हितंच हाय!"

"त्या मिशीशिवाय ते कसे दिसतील, मला नाही बघवणार हो."

मी खोलायला बसलो. पण खोकं कुठून आणू? पहिलं तर कन्याकुमारीलाच टाकून आलेल्या. शेजारच्या दुकानातून मिळालं ते फ्रिजचं. वर हा मोठा फ्रिज काढलेला, आत भाज्या, दुधाच्या बाटल्या. सायकल कशीबशी कोंबली आणि चिकटपट्टी मारली.

तेवढ्यात सुधाकररावांची गाडी आली. आधी त्यांनी मॅडमच्या रापलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग खोक्याभोवती एक फेरी मारली. फ्रिजच्या चित्रावरून हात फिरवला. मग तोच हात मिशीवर नेला आणि मोठ्याने म्हणाले,

"बघा काका! मी म्हटलं नव्हतं? मी मारलेल्या गाठीसुद्धा जशाच्या तशा!"