जुना पार्ट

आर्णीच्या बसस्टँडपासून चार पावलांवर कय्युमभाईंचं दुचाकीचं गॅरेज आहे. तिथे गाडी दुरुस्तीला टाकली, की संध्याकाळी चावीसोबत कागदाची एक पुडी हातात पडते. पुडीत काढलेला जुना पार्ट असतो. झिजलेली ब्रेकपट्टी, तुटकी केबल, जे काय असेल ते. गिऱ्हाईक वैतागून म्हणतं, "हे भंगार मी काय करू?" कय्युमभाई शांतपणे सांगतात, "फेकून द्या ना. पन तुमी फेका, मी नाई फेकनार." काय बदललं ते गिऱ्हाइकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे, हा त्यांचा तीस वर्षांचा हेका. कामाची बढाईही ते कधी मारत नाहीत. एक चक्कर मारून येतात आणि म्हणतात, "चालली गाडी." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक आजवर कोणी ऐकलेलं नाही.

उमेरा ही त्यांची थोरली. बारावीनंतर तिने जी पदवी निवडली ती ऐकून मोहल्ल्याला महिनाभर विषय पुरला. आठवड्यातले तीन दिवस कॉलेज, तीन दिवस यवतमाळच्या एका कंपनीत काम, आणि तीन वर्षांनी सॉफ्टवेअरची पदवी. शेजारणी उमेराच्या आईला, सईदाला, गाठून विचारू लागल्या, "हे कसलं शिक्षन व बाई? पोरीले कामाले लावून देल्लं आन् म्हनते डिग्री!" सईदा गोंधळली. कय्युमभाई मात्र हसले. "मी बी असाच शिकलो. उस्तादाच्या हाताखाली काम करता करता. फक्त मले कोनी डिग्री नाई देल्ली."

सकाळी सातची एसटी, तासभराचा प्रवास, खिडकीशी टेकून वही. कंपनी म्हणजे काही काचेचा महाल नव्हता. औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि सहा माणसं. कापसातली सरकी वेगळी करणारे जिनिंगचे कारखाने आणि गोदामं यांच्यासाठी ते प्रोग्राम बनवत. उमेराला काम शिकवायचं ते शाल्मलीताईंनी. त्या पुण्यातली नोकरी सोडून गावी परतलेल्या, बोलायला तिखट, शिकवायला जीव तोडून. पहिले सहा महिने त्यांनी उमेराला एक ओळही लिहू दिली नाही. इतरांच्या कामातल्या चुका शोधायला बसवलं. दुसरी एखादी रडकुंडीला आली असती. ही पोरगी गॅरेजात वाढलेली. अब्बा इंजिन उघडलं की नटबोल्ट चादरीवर ओळीने मांडतात, तसं ती काहीही उघडण्याआधी वहीत सगळं क्रमाने मांडायची. पुढे पुढे कोणी घाई केली, की शाल्मलीताईच त्याला विचारू लागल्या, "चादर अंथरलीस का आधी?"

एकाच गोष्टीवरून दोघींचं जमत नसे. प्रोग्राममध्ये एखादी नोंद बदलली की उमेरा जुनी नोंद पुसत नसे, वेळेसकट बाजूला जपून ठेवी.

"अगं, हे भंगार कशाला साठवतेस? उगाच जागा अडते," शाल्मलीताई म्हणायच्या.

"राहू द्या ना ताई. फेकायचं तर ज्याचं त्यानं फेकावं."

"अब्बांचं गॅरेज घेऊनच ये एकदा इथं!" असं म्हणून ताईंनी तो नाद सोडला.

शेवटच्या वर्षी तिला पहिलं स्वतःचं काम मिळालं. राळेगावच्या बाजूला एक जिनिंग आहे. हंगामात तिथे कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर दोन-दोन दिवस खोळंबतात. मोबाइलवरून नाव नोंदवायचं, टोकन मिळवायचं आणि दिलेल्या वेळी गाडी थेट आत न्यायची, असा प्रोग्राम उमेराने बनवला. डिसेंबरात एक दिवस चाचणी ठरली. चाचणीच्या कागदावर दोन गोष्टी लागणार होत्या, एका शेतकऱ्याचा अभिप्राय आणि जिनिंगच्या मॅनेजरची सही. तो कागद कॉलेजात गेला तर पदवी, नाहीतर वर्ष वाया. हिशेब सरळ होता.

सकाळपासून सगळं झकास चाललं. गाड्या येत होत्या, फाटकावरचा बबलू टोकन बघत होता, गाड्या आत जात होत्या. मॅनेजर चंद्रशेखरबाबू खुर्ची टाकून कौतुकाने पाहत होते. दहाच्या सुमारास गावोगावचा कापूस वाहणाऱ्या सोनूची पिकअप आली. कापूस सत्यभामाबाईंचा, आणि त्या स्वतः सोनूशेजारी बसलेल्या. बबलूने सोनूचा मोबाइल नंबर टाकला आणि नकारार्थी मान हलवली.

"मावशी, तुमचं नाव नाई यात. या नंबरवर जमनीबाईचं टोकन हाय, दुपारी दोनचं."

"नाई कसं? काल सांजच्याले माह्यासमोर सोनूनं नाव टाकलं!"

"हो ना, मी टाकलं," सोनू म्हणाला.

चंद्रशेखरबाबू उठून आले. रांग चुकवायला माणसं काय काय सांगतात हे त्यांनी वीस वर्षं पाहिलेलं. "बाई, मशीन खोटं बोलत नाई. नोंद केली नाई आन् पुढं घुसाले पाह्यता. मांगं लावा गाडी."

"मी खोटं कायले बोलू?" सत्यभामाबाईंचा आवाज चढला, आणि मग एकदम चिरकला. रांगेतली माणसं हसत होती. साठीची बाई, आयुष्यभर स्वतःची शेती स्वतः केलेली, चारचौघांत खोटी ठरली होती.

चंद्रशेखरबाबू उमेराकडे वळले. "पोरी, तुह्या प्रोग्रामनं पह्यल्याच दिवशी चोरी पकडली. आन तो कागद, सही करून टाकतो." त्यांनी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

उमेराने मात्र कागद काढला नाही. जमनीबाईचं टोकन सोनूच्या नंबरवर? एक मोबाइल म्हणजे एक शेतकरी, त्याच नंबरवरून पुन्हा नाव आलं तर जुनं काढून नवं ठेवायचं, हा नियम तिचाच. कोणी वेळ बदलली तर दोन टोकनं होऊ नयेत म्हणून केलेला, आणि त्याचा तिला अभिमानही होता. पण सोनूच्या गावात सगळ्या बाया सोनूचाच नंबर देतात. गाडी त्याची, निरोप त्याच्याकडे. हे तिला कळायला नको होतं? अर्ध्या मोहल्ल्याचे निरोप अब्बांच्या मोबाइलवर येताना पाहत ती लहानाची मोठी झाली. दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर एक वेळ चाललं असतं. तिने करावी, याची तिला मनापासून लाज वाटली.

आणि गंमत अशी, की ही चूक तिच्याशिवाय कोणालाही दिसणार नव्हती. गप्प बसलं की झालं. पेन उघडं होतं.

"सर, सही नका करू," ती म्हणाली. "मावशी खरं बोलून राह्यल्या. चूक माही हाय."

तिने लॅपटॉप गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि बाजूला जपलेलं ते सगळं भंगार उघडलं. काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं, सत्यभामाबाई. सहा चौदा, जमनीबाई. आधीचं नाव नंतरच्या नावाने ढकललेलं. तिने पडदा सत्यभामाबाईंसमोर धरला, मग चंद्रशेखरबाबूंसमोर, आणि मग रांगेत हसलेल्या माणसांसमोरही.

चंद्रशेखरबाबूंनी पेनाला टोपण लावलं. "म्हंजे चाचणी फसली म्हना की."

"हो सर."

"गाडी घ्या आत," ते बबलूला म्हणाले आणि ऑफिसात निघून गेले.

उमेराने शाल्मलीताईंना फोन करून सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ताई म्हणाल्या, "भंगार कामाला आलं म्हणायचं. बस आता, दुरुस्त कर." ती फाटकाजवळच्या बाकावर बसली, वहीत चादर अंथरली आणि दोन तासांत नियम बदलला. दुपारी सोनूच्याच नंबरवर तीन नावांची तीन टोकनं निघाली. जमनीबाईंचा कापूस घेऊन सोनूची गाडी दोनच्या ठोक्याला आत गेली.

कागद मात्र कोराच होता. संध्याकाळी जिनिंग बंद व्हायची वेळ झाली तेव्हा सत्यभामाबाई तिच्याजवळ आल्या. "काय लिवाचं असते यात?"

"प्रोग्राम कसा वाटला ते. पण मावशी, तुम्हाला त्रास झाला तेच सांगा. खरं तेच."

"मंग लिव," बाई म्हणाल्या. उमेरा लिहू लागली आणि मध्येच तिचा हात थांबला. तिला लिहवेना. शेवटी सोनूने तिच्या हातातून पेन घेऊन ती ओळ पुरी केली. खाली बाईंनी सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली आणि स्वतःच तो कागद घेऊन ऑफिसात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यावर दोन सह्या होत्या.

उमेरा आर्णीला पोचली तेव्हा कय्युमभाई हात पुसत होते. तिने कागद पुढे केला. चष्मा सापडेना म्हणून ते म्हणाले, "वाचून दाखव."

तिने वाचलं, "या पोरीनं मले खोटी पडू देल्लं नाई."

कय्युमभाईंनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग कागद घडी न पाडता तिच्या हातात दिला आणि गॅरेजचं शटर ओढता ओढता, तिच्याकडे न बघता म्हणाले, "चालली गाडी."