पहिला काढा

"मला काय होतंय?" असं म्हणत अक्का पदर खोचायच्या. विहिरीवरची जड घागर असो, शिळी भाकरी असो की लागोपाठचे दोन उपास, उत्तर हेच. अशी बाई तुमच्याही आळीत असेल. तिला काही होत नाही यावर सगळ्यांचा इतका विश्वास असतो, की तिला कोणी विचारतच नाही.

हुबळीत दाजीबानपेठेत अक्कांच्या यजमानांचं, अण्णांचं, कापडाचं दुकान होतं. मागच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो आणि शाळेत शिकवायचो. दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. उभ्यानं ठाण उलगडून गिऱ्हाइकापुढं टाकावं ते अण्णांनीच. एका वर्षी त्यांचा एक डोळा अंधुक झाला, काही दिवसांनी निवळला, आणि मग पाय बधिर होऊ लागले. धारवाडचे डॉक्टर म्हणाले, "मज्जातंतूंचा रोग आहे. औषध नाही. कधी आपोआप उतरतो, पण पुन्हा येतो."

औषध नाही, हे अक्कांना पटेना. कलघटगीकडच्या रानातून मध विकायला येणाऱ्या म्हातारीनं त्यांना फणसाच्या बुंध्यावरची, लाकडासारखी टणक अळंबी आणून दिली. "नरा गट्टी आगताव," म्हणाली. शिरा घट्ट होतात.

पंचाईत अशी, की अक्कांच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात कांद्यालासुद्धा मज्जाव होता. अळंबीचं तर नावच नको. औषधाला विटाळ नाही असं भटजींनी सांगितलं, तरी त्यांनी परसात तीन दगडांची वेगळी चूल मांडली. काढा झाला की पुन्हा अंघोळ, मगच देवघर. त्या वासानं परसातली मांजरंही उठून गेली.

एका सकाळी मी विहिरीवर तोंड धूत होतो. अक्कांनी नव्या पुडक्याचा काढा गाळला आणि स्वतःच पिऊन टाकला. नवऱ्याच्या आधी घास न घेणारी बाई ही.

"अक्का, हे काय?"

"रानातलं आहे, मास्तर. विषारी निघालं तर?"

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"मला काय होतंय? ह्यांना सांगू नका हं. मग प्यायचे नाहीत."

प्रत्येक नव्या पुडक्याला हाच नेम. एक दिवस वाट बघायची, मग अण्णांना द्यायचा.

आणि अण्णांच्या पायांत खरंच जीव आला. भिंत धरून ते दुकानापर्यंत गेले. पेठेनं अळंबीची वाहवा केली. डॉक्टर म्हणाले, "अळंबीनं की आपोआप, सांगता येत नाही." अक्का म्हणाल्या, "तुम्ही आपोआप म्हणा की. आम्ही काढा चालू ठेवतो." पुढच्या वर्षी पाय पुन्हा गेले, ते आलेच नाहीत. काढा मात्र सुटला नाही.

मग अक्काच गेल्या. साधा ताप म्हणून अंगावर काढला आणि चार दिवसांत संपल्या. मला फार राग आला, कोणाचा ते आजही सांगता येत नाही.

अक्कांचे दिवसवार झाल्यावर म्हातारी पुडकं घेऊन आली. मी म्हटलं, "अण्णा, मी उकळून देतो."

"नको, मास्तर. त्यानं पायाला काही होत नव्हतं. मला ठाऊक होतं."

"मग इतकी वर्षं का प्यायलात?"

अण्णांनी पलंगाशेजारच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिथून परसातली चूल समोर दिसत होती.

"ती आधी प्यायची," ते म्हणाले. "मग मी नको कसं म्हणणार?"

म्हातारीनं पुडकं परत पिशवीत घातलं. अण्णांनी मला तिच्यासाठी पान मांडायला सांगितलं.