स्वल्प

नव्वदच्या दशकात जे. पी. नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्का सोमवार, गुरुवार आणि शनिवारी उपास करत. उरलेल्या दिवशी भात वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरून कानडीत म्हणत, ‘स्वल्प.’ थोडंच. अंग हलकं ठेवलं की म्हातारपण चढत नाही, असं त्यांचं ठाम मत. पुढे पुढे हात वर केला की बांगड्या कोपरापर्यंत घरंगळायला लागल्या. डॉक्टरांनी बजावलं, ‘रोज डाळ, दूध, दही घ्या, नाहीतर अंगावर मांस राहणार नाही.’ अक्का ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाल्या आणि त्यांनी मंगळवारही धरला.

एका सकाळी त्या न्हाणीघरात बसल्या त्या उठेनात. पायांत बळच नव्हतं. मी एकटीने त्यांना उचलून पलंगावर आणलं. पाण्याची घागर याहून जड लागते.

‘बघ, किती हलकी झाले,’ त्या म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं.

मी वरणाची वाटी त्यांच्या ओठांशी नेली.

‘आज वार कोणता?’

‘बुधवार, अक्का. आज तुमचा उपास नाही.’

त्यांनी वाटी हळूच बाजूला सारली.

‘मग आजपासून बुधवारही धरते.’