मामांच्या घरावरचं गवत

जावयाला पाटावर बसवायचं सोडून चिखलात उभं करणारा सासरा अख्ख्या युरोपात एकच निपजला, आणि तो माझ्या वाट्याला आला. सख्खा सासराही नव्हे, बायकोचे मामा. ईलिंगला राहायचे आणि हॉस्पिटलात भूल द्यायचे. जन्मभर लोकांना झोपवलं म्हणून की काय, रिटायर झाल्यावर त्यांनी दुसऱ्या कुणाला निवांत झोपू दिलं नाही. ब्रॅकनेलच्या ऑफिसात आठवडाभर कॉम्प्युटरपुढे मान मोडून मी शनिवारी जरा पडावं म्हटलं, की सकाळीच फोन वाजायचा. "जावईबापू, ऊन पडलंय. टर्फ कापायला असा ड्राय डे परत मिळायचा नाही. जुने कपडे घालून या."

टर्फ म्हणजे मुळांसकट कापलेली गवताची जाड लादी. स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावर काही महिने नोकरीला असताना मामांनी अशा लाद्यांचं एक जुनं घर पाहिलं, आणि बघता बघता त्यांचं डोकं फिरलं. घरी जेवायला आलेल्या प्रत्येकाला वरणभात कालवता कालवता ते ऐकवायचे, "ती घरं बांधणारे बोटीतून उतरले तेव्हा झाड नाही, दगड फोडायला सवड नाही आणि हिवाळा दारात. त्यांनी पायाखालची जमीन उचलली आणि तिची भिंत केली. आपण आलो तेव्हा काय केलं? सेंट्रल हीटिंगचा नॉब फिरवला." मी म्हणायचो, त्यातही काही वाईट नाही. मग मामा माझ्याशी गोड शिऱ्यापर्यंत बोलायचे नाहीत.

खरं कारण मामी होत्या. 'पाच वर्षं राहू आणि परत जाऊ' या बोलीवर त्या सोलापूरहून आल्या होत्या, आणि ती पाच वर्षं काही संपता संपेनात. मामा रिटायर झाले त्याच आठवड्यात मामींनी लॉफ्टमधून बॅगा खाली काढल्या. दुसऱ्या दिवशी मामांनी बॅक गार्डनमध्ये दोरी लावून चौकोन आखला. "तुला इथल्या भिंती परक्या वाटतात ना? मातीचं घर बांधून देतो." मामींनी बॅगा परत लॉफ्टमध्ये चढवल्या नाहीत, फक्त पलंगाखाली सरकवल्या.

लाद्या गवत खाली आणि मुळं वर अशा, विटांसारखे सांधे चुकवत रचायच्या. अशा दोन भिंती, आणि मधल्या फटीत माती ठासायची. ठासायचं काम माझं. सोमवारी ऑफिसच्या खुर्चीत बसताना मी तोंडातल्या तोंडात मामांचा उद्धार करायचो. कौन्सिलचा माणूस येऊन "हे शेड आहे का?" असं विचारून गेला. मामांनी त्याला आत बसवलं, आल्याचा चहा दिला आणि भिंत कशी रचतात ते समजावलं. तो परत आला नाही.

छपराच्या वेळी मात्र मामांमधला सोलापूरचा जावई जागा झाला. सगळ्या जगात टर्फचं छप्पर उतरतं असतं. मामांनी ते सासुरवाडीच्या माळवदासारखं सपाट केलं, मामींना वर कुरडया वाळत घालता याव्यात म्हणून. कुरडया एकदा वाळल्यासुद्धा. मग ईलिंगचा पाऊस लागला. मामी आत छत्री उघडून बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढच्या पातेल्यात टपटप चिखल गळत होता. "अहो, आमच्याकडे एवढा पाऊस वर्षात पडत नाही हो," त्या म्हणाल्या. सगळं उचकटून उतरतं छप्पर घालण्यात माझे पुढचे सगळे शनिवार गेले.

घर उभं राहिलं, छपरावर छान गवत आलं, आणि सोलापूरला मामींच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. पलंगाखालच्या बॅगा घेऊन मामी महिनाभरासाठी म्हणून गेल्या. महिन्याचं वर्ष झालं. मामा जाईनात. "आत आग पेटती राहिली नाही की ओल धरते आणि भिंत बसते," ते सांगायचे. "या घराला राहत्या माणसाची ऊब लागते." रोज संध्याकाळी बिनधुराच्या कोळशाची सिगडी पेटवून ते एकटेच आत बसायचे. वाळले होते. मला त्यांची फार काळजी वाटायची, आणि रागही यायचा.

एका शनिवारी माझ्यादेखत मामींचा फोन आला. "अगं, मी आलो तर घर पडेल," मामा ओरडून सांगत होते. मग ऐकत राहिले. फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "विचारते, तिथे राहतंय कोण?"

चहा निवेपर्यंत ते तसेच बसून होते. "जावईबापू, हीथ्रोला सोडाल?"

"सोडतो की. सिगडीचं मी बघतो."

"नको. पडू द्या. तुमची पाठ आधीच गेलीय."

मामा सोलापूरला गेले. ईलिंगचं घर विकलं जाईपर्यंत किल्ली माझ्याकडे होती. पहिल्या शनिवारी दुपारपर्यंत झोपायचं मी ठरवलं होतं, पण सकाळीच जाग आली. फोन वाजत नव्हता. पडून पडून कंटाळलो आणि ईलिंगला जायला गाडी काढली.

हिवाळा सरता सरता सोलापूरहून मामांचा फोन आला. मागे मामी आणि त्यांची बहीण कशावरून तरी मोठ्याने हसत होत्या.

"पडलं का हो?"

"नाही अजून."

"असं कसं?"

"यंदा पाऊस कमी आहे इकडे," मी म्हणालो.

मग मामा म्हणाले, "जुने कपडे घालून जात जा."